काउंटरवरची वर्षं लपवू नका

पत्राचा सारांश : पुण्यात राहणारी, तिशीच्या उंबरठ्यावरची एक वाचक. बी.कॉम. झाल्यावर एका नागरी सहकारी बँकेत लागली. आधी काउंटर, मग कर्ज विभाग. नोकरी सांभाळून वित्त विषयात एमबीए केलं. आता एका मोठ्या खासगी बँकेच्या खराडीतल्या डिजिटल विभागात बिझनेस ॲनालिस्टच्या जागेसाठी तिला बोलावणं आलंय. तीन आठवड्यांनी दोन मुलाखती आहेत : एक केस, म्हणजे कामातला एखादा प्रश्न समोर ठेवून तो सोडवण्याची, दुसरी बिहेवियरल, म्हणजे आजवर कामात कशा वागलात याची. ती लिहिते, "व्हिडिओ बघून फ्रेमवर्क, म्हणजे उत्तर मांडायचे तयार साचे, पाठ केलेत, पण सराव मुलाखतीत सुरुवातीलाच गाडी अडली. बिहेवियरलसाठी सांगण्यासारखे किस्सेच नाहीत, मी तर फायली तपासत होते आणि एक्सेल भरत होते. बायोडेटात सहकारी बँक खाली ढकलून एमबीए वर घेऊ का? इंग्रजीची धास्ती आहे. आणि बाबा म्हणतात, पक्की नोकरी सोडून हे नसते उद्योग कशाला?"

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. शाखांकडून आलेल्या कर्जाच्या फायली सारख्या परत पाठवाव्या लागायच्या, म्हणून तुम्ही कागदपत्रांची एक यादी तयार केलीत आणि आता सगळ्या शाखा तीच वापरतात. पुढच्याच ओळीत तुम्ही म्हणता की किस्से नाहीत. या दोन ओळींपाशी मी बराच वेळ थांबले, कारण तुमची खरी अडचण फ्रेमवर्कची नाही, ती इथे आहे.

बँकेतला बिझनेस ॲनालिस्ट काय करतो? शाखेला, कर्ज विभागाला, नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कम्प्लायन्स विभागाला काय हवंय ते ऐकून घेतो. त्यातली खरी गरज कोणती आणि नुसती सवय कोणती हे वेगळं करतो. मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला शंका उरणार नाही अशा शब्दांत ते लिहून देतो, आणि बनून आलेली गोष्ट मागितल्याप्रमाणे चालते का हे वापरणाऱ्यांकडून तपासून घेतो. फायली का परत जातात हे तुम्ही पाहिलंत, कारणं शोधलीत, उपाय कागदावर उतरवलात आणि तो शाखांच्या गळी उतरवलात. हे तेच काम आहे. तुमच्या बँकेत त्याला पदनाम नव्हतं, एवढाच फरक.

आता केसकडे वळू. तुम्ही पाठ केलेले साचे बहुतेक सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतींसाठी बनलेले आहेत : नफा का घटला, नव्या बाजारात उतरावं का, वगैरे. ते वाया जाणार नाहीत. पण डिजिटल विभागातल्या ॲनालिस्टला बहुधा एखादी प्रक्रिया देतात आणि ती कुठे अडते ते विचारतात. तिथे साचा आधी काढला की त्यात बसेल तेवढाच प्रश्न आपण ऐकतो. सराव मुलाखतीत तुमचं हेच झालं असावं, असा माझा अंदाज आहे.

एक केस घेऊन बघू. मुलाखत घेणारे म्हणाले, "मोबाइल ॲपवरून बचत खातं उघडायला सुरुवात करणारे बरेच लोक अर्ध्यात सोडून जातात. काय कराल?" उत्तर द्यायची घाई करू नका. आधी विचारा : खातं उघडलं असं बँक कधी मानते, खाते क्रमांक मिळाल्यावर की पहिली रक्कम जमा झाल्यावर? हे पूर्वीपासून आहे की अलीकडे वाढलंय? सगळ्या शहरांत आहे की ठरावीक ठिकाणी? मग टप्प्यांचे आकडे मागा. समजा त्यांनी सांगितलं, 10,000 जणांनी सुरुवात केली, आधार ओटीपी 7,000 जणांचा झाला, पॅनची पडताळणी 6,400 जणांची, व्हिडिओ केवायसी (बँकेच्या अधिकाऱ्याशी व्हिडिओवर बोलून ओळख पटवणं) 3,200 जणांचं, आणि खातं उघडलं 2,900 जणांचं. समोर कागद ठेवा, टप्पे एकाखाली एक मांडा आणि मोठ्याने बोला : "ओटीपीला 3,000 गेले, म्हणजे 30 टक्के. व्हिडिओला 3,200 गेले, म्हणजे आलेल्यांपैकी निम्मे. मी आधी व्हिडिओचा टप्पा बघेन, चालेल?" हे 'चालेल?' विसरू नका. समोरची व्यक्ती तुमच्यासोबत काम करणार आहे, आणि तुम्ही तिला बरोबर घेऊन विचार करता का हेही ती बघत असते.

व्हिडिओपाशी लोक का सोडतात? पाठ केलेल्या साच्यात याचं उत्तर नाही, पण तुमच्या काउंटरच्या वर्षांत आहे. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं, अशा किती बायका तुमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या असतील! एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब. मूळ पॅन कार्ड गावाकडच्या कपाटात. दिवसभर दुकानात असणारा माणूस खातं उघडायला रात्री दहाला बसतो, आणि तेव्हा व्हिडिओवर बोलायला बँकेचं कुणी नसतं. ही प्रत्येक गोष्ट म्हणजे तपासून बघता येईल असा एक अंदाज आहे. लगेच सांगा की तो कसा तपासाल : सोडून गेलेल्यांची वेळ काय होती, त्यांना किती थांबावं लागलं, नाव न जुळल्यामुळे किती अर्ज नाकारले गेले, बायकांमध्ये हे प्रमाण जास्त आहे का. आयआयटीतून आलेल्या उमेदवाराला हे सुचायला वेळ लागेल. तुम्हाला ते माहीत आहे, फक्त ते 'विश्लेषण' आहे हे माहीत नाही.

मग उपाय. इथे बँकेची केस बाकीच्यांपेक्षा वेगळी होते, आणि तयारी करणारे नेमके इथेच कमी पडतात. "व्हिडिओचा टप्पाच काढून टाकू" असं म्हणून चालत नाही, कारण ओळख पटवण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेची आहे. व्हिडिओवरून ओळख पटवायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये परवानगी दिली. त्यात बँकेचा अधिकारी प्रत्यक्ष समोर लागतो आणि ग्राहक भारतातच आहे याचीही खात्री करावी लागते. केवळ आधार ओटीपीवर खातं उघडता येतं, पण त्याला मर्यादा आहेत : एकूण शिल्लक 1 लाखापर्यंत, आर्थिक वर्षातली एकूण जमा 2 लाखांपर्यंत, आणि एका वर्षाच्या आत पूर्ण ओळख पटवणं बंधनकारक. म्हणजे तुमच्यापुढे खरे पर्याय असे : ग्राहकाला व्हिडिओची वेळ आधी निवडू द्यायची, संध्याकाळी माणसं वाढवायची, नावातल्या फरकासाठी ॲपमध्येच विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडायची सोय करायची, किंवा मर्यादित खातं लगेच उघडून पूर्ण ओळख नंतर पटवायची. शेवटच्या पर्यायात ग्राहक लगेच मिळतो, पण त्याच्या मागे लागण्याचं काम वर्षभर पुरतं आणि गैरवापराची जोखीमही असते. मी मुलाखत घेत असेन तर हा तोल उमेदवाराने स्वतःहून बोलून दाखवावा अशी माझी अपेक्षा असेल.

शेवटी आकडा. व्हिडिओला सोडून गेलेल्या 3,200 जणांपैकी चौथा हिस्सा परत आला तर 800 जण. व्हिडिओ पूर्ण झालेल्या 3,200 मधून 2,900 खाती होतात, त्याच हिशोबाने या 800 मधून 725. म्हणजे 2,900 ची 3,625 खाती, वाढ 25 टक्के. हा हिशोब तोंडी करता आला पाहिजे. कॅल्क्युलेटर मिळेलही, पण आकडा बरोबर वाटतो की नाही हे मनाला कळायला हवं, आणि ते तुम्हाला कॅश टॅली करून करून आधीच येतं.

सरावासाठी क्लासच्या पैशांपेक्षा स्वतःचा मोबाइल वापरा. एखाद्या बँकेचं ॲप उघडून खातं उघडायला बसा आणि प्रत्येक पडद्यावर थांबून वहीत लिहा : इथे काय विचारलं, का विचारलं असेल, चुकीचं भरलं तर काय झालं, नेट गेलं तर परत पहिल्यापासून का. हे दोन-तीन प्रक्रियांवर करा. युपीआयने पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, ही तक्रार जरूर घ्या. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये अशा फसलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या. व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी व्यवहारानंतर पाच दिवस. 'ग्राहक संतापलाय' इथून सुरू झालेली केस मग 'कोणत्या प्रकारचा व्यवहार, मुदत कधी संपते, भरपाई आपोआप जमा होते की मागावी लागते' इथे येते. प्रश्न एवढा टोकदार झाला की उत्तराचा रस्ता दिसायला लागतो.

ज्या बँकेत जाताय तिचं गेल्या तिमाहीचं गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण तिच्या संकेतस्थळावर असतं, तेही वाचून जा. कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवींचा हिस्सा) किती, थकीत कर्जं किती, खर्चाचं उत्पन्नाशी प्रमाण किती, एवढं कळलं तरी पुरे. जाहिरातीत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लिहिलं असेल तर त्यातल्या ग्रुप बाय आणि लेफ्ट जॉइन या आज्ञांवर हात बसवा. त्यापलीकडे तीन आठवड्यांत फार पसरू नका.

आता बिहेवियरल. स्टार नावाची पद्धत तुम्हाला माहीत असेलच : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पद्धत चांगली आहे, पण लोक परिस्थिती सांगण्यातच निम्मा वेळ घालवतात आणि कृती दोन वाक्यांत उरकतात. आपल्याकडे त्यात संकोचाची भर पडते. स्वतःचं कौतुक नको म्हणून आपण "आम्ही चेकलिस्ट केली, खूप फायदा झाला" असं म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतात : कल्पना कुणाची? विरोध कुणी केला? फायदा म्हणजे किती? सहकाऱ्यांना श्रेय जरूर द्या, पण तुमच्या हातून काय झालं ते स्वच्छ सांगा. ती बढाई नाही, माहिती आहे.

तोच किस्सा असा सांगून बघा, तपशील अर्थातच तुमचे घाला : "दुकानदारांच्या कर्जाच्या फायली शाखांतून यायच्या आणि जामीनदाराची राहिलेली एक सही किंवा शॉप ॲक्टची जुनी प्रत एवढ्यावरून परत जायच्या. ग्राहकाला पुन्हा खेप, आमचं पुन्हा तपासणं. फाइल तपासणं हे माझं काम होतं, ती का परत जाते हे बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आवक-जावक रजिस्टरमधून महिन्याभरात परत गेलेल्या फायली काढल्या आणि कारणांप्रमाणे लावल्या. तीच ती तीन-चार कारणं निघाली. त्यावरून एका पानाची यादी केली आणि आधी एकाच शाखेत वापरून बघायची परवानगी साहेबांकडून घेतली. शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आणखी एक कागद कशाला? मी त्यांच्यासोबत बसून यादीतल्या त्यांना नको असलेल्या ओळी काढल्या. नंतर ती यादी त्यांनीच दुसऱ्या शाखेला दिली." यात कुठेही शौर्य नाही, तरी मी हे ऐकून तुमचं नाव पुढे पाठवेन.

परिणामाचा आकडा हवाच. तो रजिस्टरमधून मोजून काढा, यादीच्या आधीचा महिना आणि नंतरचा. मिळाला नाही तर "नेमका आकडा माझ्याकडे नाही, पण शाखांचे फोन कमी झाले" असं सांगा. रचलेला आकडा दुसऱ्या उपप्रश्नाला उघडा पडतो. फक्त संख्या मोजा, रजिस्टरचे फोटो काढू नका, आणि मुलाखतीत कर्जदाराचं नाव, दुकानाचं नाव, बँकेचे आतले आकडे यांतलं काही तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्ही बँकेत कामाला जाताय. आजच्या मालकाची माहिती कशी जपता यावरूनच उद्याचा मालक तुम्हाला जोखणार.

बँका आणखी एक प्रश्न हमखास विचारतात : वरिष्ठांनी नियमाला वळसा घालायला सांगितलं तेव्हा काय केलंत? "सही नंतर घेऊ, आज फाइल पुढे जाऊ दे" हे तुम्ही ऐकलं असणारच. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, ही मेकर-चेकरची शिस्त तुमच्या अंगवळणी पडलेली आहे. तेव्हा तुम्ही काय केलंत, कसं बोललात, नातं न बिघडवता नकार कसा दिलात हे आठवा. चुकीबद्दल विचारतील, तर खरी चूक सांगा आणि त्यानंतर कामाची पद्धत कशी बदलली ते सांगा. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर त्यांनी शंभरदा ऐकलंय. असे पाच-सहा प्रसंग पुरतात. एकच प्रसंग मतभेद, पुढाकार, अपुरी माहिती अशा वेगवेगळ्या प्रश्नांना वेगळ्या बाजूने सांगता येतो.

इंग्रजीबद्दल. प्रसंग आधी मराठीत, मोठ्याने, बँकेशी काही संबंध नसलेल्या माणसाला सांगा. आईला कळला तर तो स्पष्ट आहे. मग तोच छोट्या वाक्यांत इंग्रजीत सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पाठ मात्र करू नका, कारण मधला एक शब्द निसटला की सगळंच निसटतं. तुमचे रोजचे शब्द तसेही इंग्रजीच आहेत : सँक्शन, डिस्बर्समेंट, गॅरंटर, ओव्हरड्यू. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. नीट समजून घेतल्याशिवाय कामाला न लागणं हा ॲनालिस्टचा गुणच आहे.

सहकारी बँक बायोडेटात खाली ढकलू नका. ती सर्वांत वर, आणि त्याखाली पदापेक्षा काम लिहा. एमबीए शिक्षणाच्या जागी राहू दे. तुम्ही गृहीत धरलंय की खराडीच्या काचेच्या इमारतीत नागरी सहकारी बँकेचं नाव काढलं की लोक नाक मुरडतील. एखादा मुरडेलही. पण नागरी सहकारी बँकांवरही देखरेख रिझर्व्ह बँकेची, केवायसीची तत्त्वं तीच, आणि कर्ज 90 दिवस थकलं की ते अनुत्पादक होण्याचा नियमही तोच. शिवाय डिजिटल विभागात ग्राहकाला रोज समोर बसवून काम केलेली माणसं कमी असतात. तुमचं वेगळेपण तिथेच आहे.

हे पत्र वाचणाऱ्यांत हिंजवडी-मगरपट्ट्यातले टेस्टिंग किंवा सपोर्टमधले वाचकही असतील. त्यांची अडचण उलटी असते : सॉफ्टवेअर कळतं, बँक कळत नाही. त्यांनी जवळच्या शाखेत पासबुक भरायला गेल्यावर अर्धा तास बसून बघावं, आणि कर्ज घेतलेल्या नातेवाइकाला त्याच्या अर्जाची सगळी कथा विचारावी. तुम्ही आणि असा एखादा मित्र मिळून सराव केलात तर दोघांचंही भलं होईल. त्याने तुमच्या प्रक्रियेतल्या तांत्रिक फटी दाखवाव्यात, तुम्ही त्याला ग्राहक समजावून सांगावा.

राहिले बाबा. त्यांची काळजी मला अडाणीपणाची वाटत नाही, त्यामुळे त्यांना पटवायच्या आधी स्वतःच त्याची उत्तरं मिळवा. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा विचारा : ही जागा बँकेच्या पगारपटावर आहे की बाहेरच्या एजन्सीच्या? पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल? ही टीम कोणत्या उत्पादनावर काम करते, आणि ते काम संपल्यावर ॲनालिस्ट कुठे जातात? कामाच्या वेळा आणि घरून कामाचे दिवस एचआरला विचारा. जागा एजन्सीची, एका वर्षाच्या करारावर असेल, तर बाबांचं म्हणणं वजनदार आहे. तेव्हा पगारातला फरक आणि घरचे हप्ते समोर ठेवून निर्णय घ्या. बँकेच्या पगारपटावर असेल, तर 'पक्की' नोकरी सोडून तुम्ही दुसऱ्या तितक्याच पक्क्या नोकरीकडे जाताय, असं त्यांना सांगता येईल. तिसरीही वाट आहे : तुमच्या सध्याच्या बँकेच्या आयटी विभागात नव्या प्रणालीचं काम निघालं तर तिथे नाव द्या. हा अनुभव पुढच्या मुलाखतीला थेट उपयोगी पडेल, आणि त्यासाठी राजीनामा लागत नाही.

निवड झाली तरी राजीनामा लगेच टाकू नका. ऑफर लेटर हातात येऊ द्या, त्यात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेली असू द्या. तुमच्या नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड आजच काढून बघा, कारण खराडीवाले पहिल्या फोनलाच विचारतील, "कधी जॉइन होऊ शकता?"